दाजींचं पोट बघायला नाशिकला

नाशिकहून परत आल्यापासून रंकाळ्यावर फिरायला येणारी एकूण एक बाई मला एकच विचारते, "काय सुमनताई, त्र्यंबक झालं का? पंचवटी? वणीची देवी?" नाही झालं हो. गोदावरी मी रिक्षातून पाहिली, तीसुद्धा पुलावर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून. द्राक्षं खाल्ली, चिवडा आणला, पण देव एकही पाहिला नाही. "मग इतके दिवस केलंत तरी काय?" असं विचारून त्या कट्ट्यावर बसतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आता लिहूनच काढते, म्हणजे घसा तरी वाचेल.

मी दाजींचं पोट बघायला गेले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आक्का लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिथलीच झाली. दाजी मूळ चांदवडकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त होऊन इंदिरानगरात फ्लॅटमध्ये राहतात. त्यांचे सख्खे थोरले भाऊ, नाना, मागच्या वर्षी गेले. पोटाचा कॅन्सर. कळलं तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं होतं.

जानेवारीत आक्काचा फोन आला. आवाज बारीक. म्हणाली, "सुमे, ह्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंय. त्यांना वाटतंय मला दिसलेलं नाही. जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टरकडे चला म्हटलं की पित्त आहे म्हणतात. नानांच्या गावात पोटाच्या तपासणीचा कॅम्प आहे, तिथं तरी न्यायचं. तू ये. मेहुणीचं ऐकतील."

मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पोस्टाच्या खिडकीतून भल्याभल्यांना रांगेत उभं केलंय. म्हटलं, येते.

इंदिरानगर

नाशिकची थंडी ही कोल्हापूरच्या माणसानं गंमत म्हणून घ्यायची गोष्ट नाही. आमच्याकडे जानेवारीत सकाळी स्वेटर घालतात तो कौतुकानं. इथं दुपारी बारापर्यंत माणसं उन्हाचा तुकडा शोधत हिंडतात. दाजी गॅलरीत असाच एक तुकडा पकडून बसले होते. मला बघून उठले, पिशवी हातातून घेतली.

"ये सुमन. काय म्हणू राहिलं तुमचं कोल्हापूर?"

"कोल्हापूर म्हणतंय, नाशिकचे पाव्हणे वाळले."

"वय झालं आता. ह्या वयात अंग हलकंच बरं." असं म्हणून ते हसले, पण गळ्याशी शर्टाचं बटण लावलेलं असूनही कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा होती. मी आक्काकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

दाजींसारखा देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या घरी गेलं आणि काही न खाता परत आलं असं कुणी सांगावं, मी पोस्टाची शपथ घेऊन सांगेन की तो खोटं बोलतोय. पण देण्यात त्यांची एक खास चाल आहे. आपल्याकडे जेवण झालं की बडीशेप पुढं करतात. दाजी पित्ताची गोळी पुढं करतात. स्टीलची छोटी डबी, तिच्यात पाकिटाची पानं कापून ठेवलेल्या गोळ्या. रात्री आक्कानं शेवभाजी केली होती, लालभडक तवंगाची. मी दोन वेळा मागून घेतली. हात धुऊन येते तो डबी समोर हजर.

"घे. सकाळी त्रास नको."

"मला काही होत नाही दाजी. मी कोल्हापूरची आहे."

"होण्याआधीच घ्यायची असते. मी रोज घेतो, उठल्या उठल्या. चहाच्या आधी गोळी. सतरा वर्षं झाली असतील की गं?" हे आक्काला.

"माझ्यापेक्षा गोळीशी संसार जास्त झालाय," आक्का म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

सातपूर

दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, चल, तुला खरी मिसळ खायला घालतो. खरी मिसळ! कोल्हापूरच्या बाईला! मी म्हटलं चला, बघू तरी काय दिवे लावलेत. त्यांच्या जुन्या कंपनीच्या रस्त्याला एक टपरी आहे, पत्र्याची, मागं चूल पेटलेली. शिफ्ट सुटली होती, मोटरसायकली एकमेकींना चिकटून लावलेल्या, निळे शर्ट घातलेली माणसं उभ्याउभ्या खात होती.

आता न्यायाचं बोलते. रस्सा काळा होता, भाजलेल्या मसाल्याचा, तिखटापेक्षा धुराची चव जास्त. वर पापड ठेवलेला, बाजूला दही. आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात, इथं पाव. बरोबर पापड कशाला हे मला शेवटपर्यंत समजलं नाही, पण मोडून खाल्ला. चांगली होती. आमच्यापेक्षा चांगली होती असं मात्र मी मेले तरी लिहिणार नाही.

दाजी मजेत सांगत होते. रात्रपाळीला कसा दर तासाला चहा व्हायचा, डबा कसा पहाटे उघडायचा आणि गार जेवायचा, पोटात जाळ उठला की कँटीनवाला सोडा घातलेलं पाणी कसं न मागता आणून द्यायचा. "अख्ख्या शॉपला पित्त होतं," ते म्हणाले, जणू कारखान्यातल्या त्या अख्ख्या विभागाला बोनस मिळाला होता. बोलता बोलता त्यांनी पाव तोडला, रश्शात बुडवला, आणि तो तसाच बशीच्या कडेला ठेवला. मग दुसरा तुकडा. तोही कडेला. टपरीवाला म्हातारा त्यांना ओळखत होता. "काय साहेब, पूर्वी दोन प्लेटा उडवायचे तुम्ही," तो म्हणाला. दाजी म्हणाले, "घरून खाऊन निघालो." घरून ते काहीही खाऊन निघाले नव्हते. मला माहीत होतं, कारण माझ्याच समोर त्यांनी पोहे परत ठेवले होते.

परतताना रिक्षात मी सरळ विचारलं. "दाजी, नानांचं असंच सुरू झालं होतं ना?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "नानाला काही नव्हतं. पित्तच होतं. त्याला दुर्बीण घातली, तुकडा काढला, आणि मग तो गेला. पोटात हात घातला की ते पसरतं, सुमन. कंपनीतले दोघं असेच गेले."

"मग कॅम्पला यायचं नाही का तुम्हाला?"

"येणार ना. तिथं दुर्बीण नाही, फुगा फुगवायचाय फक्त. आणि वहिनींना भेटणं होईल." पुढं म्हणाले, "माझं काही नाही निघणार, बघ तू."

मला भीती वाटत होती, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडण काढलं.

चांदवडकडे

पहाटेच निघालो. दाजी, आक्का, मी. आग्रा रोडला लागलं की पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, घडांना कागद गुंडाळलेले. मग हळूहळू मांडव संपतात, जमीन मोकळी होते, आणि समोर सपाट डोक्याचे डोंगर उभे राहतात. आमचा पन्हाळा हिरवागार, गर्द. हे डोंगर कोरडे, दगडाचे. पण सकाळच्या उन्हात बरे दिसतात. चांदवड सोडून आत वळलो तर रानोरान कांद्याची लागण चालू होती. बायका वाफ्यात ओणव्या बसून रोपं खोचत होत्या, एवढ्या भरभर की बघणाऱ्याचीच कंबर दुखावी.

नानांचं घर गावाच्या कडेला. द्वारकाताई, म्हणजे नानांच्या पत्नी, आक्काच्या थोरल्या जाऊबाई, आधीच शाळेकडे गेल्या होत्या, मुला-सुनेला घेऊन. कॅम्प शाळेत होता. सरकारी आरोग्य केंद्राचे लोक आणि नाशिकची एक डॉक्टरीण, चाळिशीची, शांत. त्यांना सगळे मॅडम म्हणत होते. ज्या घरात कुणाला पोटाचा कॅन्सर झाला, त्या घरातल्या सगळ्यांची आधी तपासणी, असं त्यांनी ठरवलं होतं. नानांच्या मागोमाग गावात आणखी एकजण त्याच आजारानं गेला होता, त्यामुळे बरीच भावकी आली होती.

मॅडमनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. पोटात एक जंतू राहतो. तो बऱ्याच जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काही करत नाही. लहानपणीच घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काहींच्या पोटात मात्र तो वर्षानुवर्षं आतलं अस्तर खराब करत बसतो, जखमा करतो, आणि त्यातून पुढं कधीतरी कॅन्सर होऊ शकतो. आणि हा जंतू गोळ्यांनी मारता येतो. दोन आठवडे औषध, बास. मी म्हटलं, "आणि तिखट?" माझा जीव तिथं अडकला होता. मॅडम हसल्या. "तिखटाचं नंतर बघू. आधी जंतू, तंबाखू आणि मीठ. खारातल्या मिरच्या, लोणची, हे जरा कमी."

तपासणी मोठी गमतीची. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, मग औषध घातलेलं पाणी प्यायचं, थोडं बसायचं, पुन्हा दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. गावात ह्याला फुग्याची तपासणी असंच नाव पडलं होतं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी घरोघर जाऊन सांगून ठेवलं होतं, पंधरा दिवस पित्ताची गोळी बंद, आणि त्या दिवशी सकाळी पोटात काही नाही. गावानं ते इमानानं पाळलं होतं. चहासुद्धा न घेता माणसं व्हरांड्यात रांग लावून बसली होती, शाली गुंडाळून, चेहरे पाडून.

मॅडम आत पिशव्या मांडत होत्या. आक्का आणि मी त्यांच्याशी बोलत होतो. दाजी बाहेर होते. आता मला सांगा, दाजींसारखा माणूस, समोर आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसं सकाळपासून उपाशी बसलीत, चहा नाही, पाणी नाही, ह्यांचं पित्त खवळणार हे ह्यांना दिसतंय. काय करेल हा माणूस?

त्यांनी डबी काढली.

रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. "घे, रिकाम्या पोटी बसलायस, जळजळ होईल." "घे काकू, नुसती गिळून टाका." नीटनेटका स्वेटर, चष्मा, निवृत्त साहेब, कापलेल्या पानातून एकेक गोळी मोजून हातावर ठेवताहेत. लोकांना वाटलं, हीच तपासणीची गोळी. सगळ्यांनी घेतली. द्वारकाताईंनी घेतली, त्यांच्या मुलानं घेतली, सुनेनं घेतली. एका आजीनं तर दोन मागून घेतल्या, एक तिच्या न आलेल्या सुनेसाठी.

मॅडम पहिल्या माणसाला आत बोलावून विचारतात, "पित्ताची गोळी वगैरे घेतली नाही ना?"

"घेतली की. आत्ता दिली ना तुमच्या माणसानं."

"माझ्या माणसानं?"

मॅडम बाहेर आल्या. रांगेनं एका दमात मान वळवून दाजींकडे बघितलं. दाजी डबीचं झाकण लावत होते. अगं बाई गं, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आक्कानं कपाळावर हात मारला तो आवाज मला ऐकू आला.

मॅडम चिडल्या नाहीत, ह्याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी रांगेसमोर खुर्ची घेतली आणि सांगितलं, "ही गोळी घेतली की जंतू दबून बसतो. मरत नाही, फक्त दबतो. मग तपासणी म्हणते की जंतू नाही, आणि माणूस खुशीत घरी जातो. म्हणून ज्यांनी गोळी घेतली त्यांची तपासणी मी आज करणार नाही. पुन्हा पंधरा दिवस थांबायचं. मी येईन परत."

"म्हणजे आज फुकट उपाशी ठेवलं ना हो साहेब आम्हाला," रांगेतला एकजण दाजींना म्हणाला. दुसरा हसला. मग सगळेच हसले आणि चहाच्या पातेल्याकडे पळाले. दाजी मात्र भिंतीला टेकून उभे होते, चेहरा उतरलेला. आयुष्यभर दुसऱ्याला आराम पडावा म्हणून जे वाटलं, त्यानंच घोटाळा केला होता.

मी संधी सोडली नाही. मॅडमना म्हटलं, "आणि हे सतरा वर्षं रोज घेताहेत."

मॅडमनी दाजींना बाकावर बसवलं. "वजन कमी झालंय?" दाजी म्हणाले नाही. आक्का म्हणाली, "पट्टा दाखवा त्यांना." त्यांनी दाखवला नाही, तेव्हा तिनंच शर्ट बाजूला करून ते खिळ्याचं भोक दाखवलं. मॅडमनी ते बघितलं, मग विचारलं, जेवण कसं, थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं का, भाऊ कशानं गेला. आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी फुगा नाही. तुम्ही पंधरा दिवसही थांबायचं नाही. तुमची दुर्बिणीची तपासणी करायची, ह्याच आठवड्यात."

"दुर्बीण नाही," दाजी म्हणाले. "बाकी काय सांगाल ते."

मॅडमनी समजावलं. दुर्बिणीनं काही पसरत नाही, तुकडा काढल्यानंही नाही, उशिरा आलेल्या माणसाचा आजार आधीच पसरलेला असतो, म्हणून लोकांना तसं वाटतं. दाजींनी शांतपणे ऐकलं, हात जोडले, आणि बाहेर निघून गेले.

द्वारकाताईंचं जेवण

जेवायला द्वारकाताईंकडे. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात, कढी. बाजरी आमच्याकडे संक्रांतीच्या भोगीला खातात तेवढीच; इथं थंडीभर बाजरीच. भाकरी कशी गरम, फुगलेली, आतून वाफ निघणारी. द्वारकाताई वाढत होत्या. सत्तरीची बाई, अंगानं बारीक, मिश्रीनं दात काळे. मॅडमनी सकाळी तंबाखूचं सांगितल्यापासून त्यांनी मिश्रीची डबी कमरेला खोचून लपवली होती आणि माझी नजर गेली की पदर ओढत होत्या.

"भाऊजी, जेवा ना," त्या म्हणाल्या. दाजी त्यांचे धाकटे दीर.

"जेवतोय वहिनी."

"कुठं जेवू राहिले? नुसती भाकर मोडू राहिले तुम्ही."

द्वारकाताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्या समोर, चुलीपाशी, फतकल मारून बसल्या.

"तुमच्या भावानं बी असंच केलं. भाकर मोडायची, चुरायची, कढी वतायची, ताटभर पसरायची. मला वाटायचं जेवले. ताट उचलाया गेलं का सगळं तसंच. मग गोठ्यामागं जाऊन वकायचे. मी इचारलं का म्हणायचे, पित्त हाय. मी सोडा द्यायची पाण्यात ढवळून. माह्या हातानं द्यायची, भाऊजी. सहा-सात महिने दिला आसंल. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं, अन् मला बी."

सून दारात उभी होती.

"दुर्बिणीनं गेले म्हणता ना तुम्ही? साऱ्या गावाला सांगत फिरू राहिले. मी होते तिथं. दुर्बीण काढली अन् डाक्टर बाहेर आला, माह्याकडं बघून म्हणला, मावशी, आधी का नाय आणलं? काय सांगू मी त्याला? सोडा देत होते म्हणून सांगू?" त्यांचा आवाज चढला. "अन् आता ही माही जाव अशीच दवाखान्याच्या दारात बसवायची हाय तुम्हाला. बसवा. नाय म्हणत नाय मी. पण मग माह्या घरी भाकर चुरायला येऊ नका."

आक्का रडायला लागली. मीही. दाजींनी चुरलेल्या भाकरीवर हात ठेवला, ती झाकावी तसा.

"सुमन," ते म्हणाले, "त्या मॅडम गेल्या का अजून शाळेतच आहेत?"

मी चप्पल न घालता धावले.

पुन्हा नाशिक

दवाखान्याचं फार सांगत नाही. सरकारी दवाखाना, लांब बोळ, भिंतीला टेकून बसलेले लोक. आत जाताना दाजींनी डबी माझ्या हातात दिली, घड्याळ आक्काच्या हातात दिलं, आणि अंगठी काढायला गेले तर नर्स म्हणाली, काका, ऑपरेशन नाही हो. घशात फवारा मारला, कुशीवर झोपवलं. चहा संपायच्या आत ते बाहेर. पहिलं वाक्य, जीभ जड असताना, "चाहा कधी मिळंल?" जखम दिसली होती. चार-पाच ठिकाणचे तुकडे तपासायला पाठवले. रिपोर्टला थोडे दिवस लागतील म्हणाले.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. सकाळी मी आणि दाजी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचो. झाडांखालून लांबच लांब पायवाट, कानटोप्या घातलेली म्हातारी माणसं, हसण्याचा क्लब. ते लोक हात वर करून हा-हा-हा करायचे. आमच्याकडे रंकाळ्यावर असलं काही नाही, आम्ही हसू आलं तरच हसतो. एके दिवशी दाजी त्या घोळक्यात जाऊन उभे राहिले आणि हात वर केले. हसले नाहीत, नुसते हात वर. मी बाकावर बसून बघत होते. माझ्या मनात आलं, ह्या माणसाला काही होऊ नये. एवढंच आलं, दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवशी परतताना ते म्हणाले, "नाना मला एकदा म्हणाला होता, तुझी ती गोळी मला दे, सोड्यानं भागत नाही आता. मी अख्खं पाकीट दिलं." मी त्यांच्या हाताला धरून चालत राहिले.

रिपोर्टच्या दिवशी मॅडमकडे तिघं गेलो. मॅडमनी वाचला, चष्मा काढला. "काका, कॅन्सर नाही." आक्कानं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी पिचली. "पण जंतू आहे. जखम आहे. आणि आतलं अस्तर बदलायला लागलंय. हे असंच राहिलं असतं, तर काही वर्षांनी ह्याच जागी आपण कॅन्सरचं बोलत बसलो असतो. आता औषध घ्यायचं, एकही डोस चुकवायचा नाही, जंतू मेला का ते पुन्हा तपासायचं. आणि मी सांगेन तेव्हा दुर्बीण. कुरकुर न करता."

"कुरकुर नाही," दाजी म्हणाले.

घरी आल्यावर आक्का देवापाशी दिवा लावायला गेली. दाजींनी स्वेटरसुद्धा न काढता चांदवडला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर ठेवतात, त्यामुळं मलाही सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, मी बोलतोय. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. जंतू आहे, तो गोळ्यांनी मरतो म्हणतात. आतून थोडं खराब व्हायला लागलंय, पण वेळेत सापडलं."

"बरं झालं," द्वारकाताई म्हणाल्या. "लय बरं झालं भाऊजी." मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"भाऊजी."

"बोला वहिनी."

"ह्यांचं बी पहिल्यांदी एवढंच आसंल का हो?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं सांगता आलं असतं. माणसं सांगतात असं, नशिबात होतं, कुणाला चुकलंय. मला वाटलं तेही तेच म्हणतील, आणि म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"हो वहिनी," दाजी म्हणाले. "असेल. एवढंच असेल."

द्वारकाताई फोनवर रडल्या. मोकळ्या, मोठ्यानं, पोरीबाळींसारख्या. दाजींनी फोन हातात तसाच धरून ठेवला आणि त्यांना रडू दिलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. आक्का देवघरातून येऊन दारात उभी राहिली.

मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्या मॅडमला म्हणावं पंधरा दिस होऊ द्या, मी पोराला, सुनंला, नातवंडांना, सगळ्यांना घेऊन येते," द्वारकाताई म्हणाल्या. "एकाला बी घरी ठेवत नाय."